कीबोर्डवर बासरी, व्हायोलिन, सतार खरी कशी वाटेल? नव्याने शिकणाऱ्यांसाठी

फ्लूटचा टोन लावला, उजव्या हाताने चाल वाजवली, आणि दुसऱ्या स्वरातच ऐकणाऱ्याने ओळखले की हा कीबोर्ड आहे. असे झाले की नवीन वादक दोष टोनला देतो आणि महागड्या कीबोर्डची स्वप्ने पाहू लागतो. बहुतेक वेळा टोन ठीकच असतो. आजच्या साध्या कीबोर्डातही खऱ्या वाद्यांचे ध्वनिमुद्रित नमुने असतात. आवाज बासरीचा असतो, पण बोटे मात्र पियानो वाजवत राहतात.

नुसता खरा आवाज पुरत नाही हे फार आधी कळून चुकले होते. १९६३ मध्ये इंग्लंडमध्ये मेलोट्रॉन नावाचे वाद्य निघाले. त्यात प्रत्येक पट्टीखाली टेपची एक पट्टिका असे आणि तिच्यावर खऱ्या वादकाने वाजवलेला तो एक स्वर, साधारण आठ सेकंदांचा. आवाज शंभर टक्के खऱ्या वाद्याचा, तरीही वाद्य वाजू लागले की ते मेलोट्रॉनच वाटे. कारण सुटे स्वर खरे होते, पण एका स्वरावरून दुसऱ्यावर जाणारा वादक त्यात नव्हता.

म्हणून या लेखातले सगळे एका गोष्टीभोवती फिरते: टोनची नक्कल कंपनीने करून ठेवली आहे, तुम्ही नक्कल करायची ती वादकाच्या शरीराची. त्याचा श्वास, गज धरलेला हात, तार ओढणारे बोट. आणि त्याहून महत्त्वाचे, त्याला जे करता येत नाही ते तुम्हीही करायचे नाही.

आधी कीबोर्ड तयार करा

सेटिंगमध्ये जाऊन टच रिस्पॉन्स चालू आहे का ते पाहा. टच बंद असेल तर पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज सारखाच येतो. तुमच्या कीबोर्डला टचची सोयच नसेल, तर पियानो आणि गिटारच्या नकलेला मर्यादा पडेल. हार्मोनियम आणि ऑर्गन मात्र उत्तम जमतील, का ते पुढे येईलच.

मग पिच बेंडची, म्हणजे सूर वर-खाली वाकवणाऱ्या व्हीलची (चाकाची), रेंज बघा. ती बहुतेक ठिकाणी वर-खाली दोन सेमीटोन, म्हणजे एक पूर्ण स्वर, अशी ठेवलेली असते. सुरुवातीला तशीच राहू द्या.

रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा परिणाम) आणि कोरस (एक आवाज अनेक असल्यासारखा दाट करणारा परिणाम) कमी करा, सरावापुरते तर बंदच करा. ही सूचना कुणालाच आवडत नाही, कारण कोरडा आवाज उघडा पडतो. पण घुमणाऱ्या आवाजात तुमचे श्वास, सुटलेल्या जागा, स्वरांची तोडजोड काहीच ऐकू येत नाही, आणि शिकायचे नेमके तेच आहे.

शेवटची गोष्ट म्हणजे एक्स्प्रेशन पेडल. सस्टेन पेडल आणि हे पेडल वेगळे. सस्टेन साधारणपणे चालू किंवा बंद असते, तर एक्स्प्रेशन पेडल गाडीच्या ॲक्सिलरेटरसारखे हळूहळू दाबता येते आणि चालू असलेल्या स्वराची पातळी वर-खाली करते. ज्याला बासरी, व्हायोलिन, सॅक्सोफोन मनापासून वाजवायचे आहेत त्याने नवा कीबोर्ड घेण्याआधी हे पेडल घ्यावे असे माझे ठाम मत आहे. मात्र कीबोर्डला त्यासाठी जागा आहे का आणि कोणते पेडल चालते हे आधी माहितीपुस्तिकेत बघून घ्या. कॉम्प्युटरवर वाजवत असाल तर पेडलचे काम मॉड्युलेशन व्हीलला (एरवी स्वराला थरथर देणारे चाक) किंवा एखाद्या फेडरला (सरकते बटण) देता येते. मिडीत, म्हणजे कीबोर्ड आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या भाषेत, एक्स्प्रेशनचा क्रमांक ११, मॉड्युलेशनचा १ आणि सस्टेनचा ६४.

टोनची परीक्षा घ्या

नाव बघून टोन निवडू नका. एक स्वर दाबून पाच-सहा सेकंद धरा. थोड्या वेळाने आवाज आपोआप थरथरू लागला, तर व्हायब्रेटो टोनमध्येच मुरवलेला आहे. अशा टोनवर मॉड्युलेशन व्हील वापरले की थरथरीवर थरथर चढते. ते ऐकवत नाही.

आता तोच स्वर पटापट आठ-दहा वेळा वाजवा. प्रत्येक वेळी हुबेहूब तोच आवाज आला तर टायपरायटर चालल्यासारखे वाटेल. चांगल्या टोनमध्ये एकाच स्वराचे अनेक नमुने आळीपाळीने वाजतात. तुमच्या टोनमध्ये ते नसतील तर बोटाचा जोर दर वेळी थोडा बदलणे हा उपाय.

मग अगदी हलक्या दाबापासून जोरदार दाबापर्यंत जा. कुठेतरी आवाजाचा पोत एकदम बदलेल, कारण तिथे हळू वाजवलेला नमुना संपून जोरात वाजवलेला सुरू होतो. ही सीमा बोटांना माहीत झाली पाहिजे, नाहीतर चालीच्या मधोमध एखादाच स्वर कर्कश उमटतो.

शेवटी खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्या दाबून पाहा. कीबोर्डवर फ्लूटचा टोन पार डाव्या टोकालाही वाजतो, पण तिथे फ्लूट असतेच कुठे? पाश्चात्त्य फ्लूट मधल्या सीपासून (कीबोर्डच्या साधारण मध्यावरचा सी) सुरू होऊन वर सुमारे तीन सप्तके जाते. व्हायोलिनची सर्वांत खालची तार मधल्या सीच्या खालचा जी. चेलोचा सर्वांत खालचा स्वर मधल्या सीच्या दोन सप्तके खालचा सी, म्हणजे ६१ पट्ट्यांच्या नेहमीच्या कीबोर्डची पहिलीच पट्टी. ट्रम्पेट मधल्या सीखालच्या इपासून सुरू होतो आणि वर दोन सप्तकांपर्यंत आरामात वाजतो; त्यापुढे वादकाचे ओठ पणाला लागतात. या हद्दीबाहेरचा एक स्वरसुद्धा जाणकार कानाला खटकतो. ट्रान्सपोज केलेले, म्हणजे सगळे स्वर बटणाने वर-खाली सरकवलेले, असतील तर हद्दही सरकते, हे नवीन माणूस हमखास विसरतो.

वाद्यांचे दोन स्वभाव

पियानो, गिटार, सतार, संतूर या वाद्यांत स्वर एकदा छेडला किंवा आघात केला की तो विझतच जातो. जे काही ठरते ते आघाताच्या क्षणी ठरते. कीबोर्डची पट्टीही असाच विचार करते. मिडीत तुमच्या दाबाची नोंद १ ते १२७ या आकड्यांत होते, ती एकदाच, पट्टी खाली जाताना. म्हणून ही वाद्ये कीबोर्डवर लवकर जमतात.

बासरी, शहनाई, सॅक्सोफोन, व्हायोलिन, सारंगी यांत मात्र वादक स्वराला शेवटपर्यंत पोसत असतो. फुंक वाढते, गजाचा दाब कमी होतो, स्वर मध्येच फुलतो. यातले काही पट्टीला कळत नाही. काही कीबोर्डांत पट्टी दाबल्यावर आणखी दाब दिला तर तो ओळखण्याची सोय असते, पण सर्वत्र नाही. यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स-७ ला तोंडात धरून फुंकायच्या ब्रेथ कंट्रोलरसाठी वेगळी जागा दिलेली होती ती याचसाठी. तुमच्याकडे तो नसला तरी पाय आणि डावा हात आहेत, आणि या वाद्यांमध्ये डाव्या हाताला कॉर्ड धरायचे काम नाहीच.

बासरीपासून सुरुवात करा

फ्लूट किंवा बासरीचा टोन लावा. मोनो मोड असेल तर चालू करा, म्हणजे एका वेळी एकच स्वर वाजेल. बासरीवर दोन स्वर एकदम निघत नाहीत, ही पहिली शिस्त.

एक्स्प्रेशन पेडल निम्म्याच्या थोडे खाली ठेवा. मधल्या जोराने एक स्वर दाबा आणि मनात चार मोजेपर्यंत पेडल हळूहळू वर न्या, मग चार मोजेपर्यंत परत आणा. स्वर फुलून मावळला पाहिजे. एवढेच दिवसभर केले तरी वेळ वाया गेला असे समजू नका; फुंकर म्हणजे काय हे पायाला याच व्यायामातून कळते.

त्यात आता व्हायब्रेटो घाला. स्वर सुरू होताना मॉड्युलेशन व्हील शून्यावर, स्वर अर्धा झाला की थोडे वर, संपता संपता परत खाली. व्हील एका जागी ठेवून दिले की सगळी चाल सारखी थरथरत राहते, आणि नकली वाजण्याचे हे फार मोठे कारण आहे. छोट्या स्वरांना व्हायब्रेटो लावायचाच नाही. फ्लूटचा व्हायब्रेटो मुख्यतः श्वासाचा असतो, सुरापेक्षा आवाजाची पातळी आणि पोत त्यात जास्त हलतो. कीबोर्डचे व्हील बहुतेकदा सूर हलवते, म्हणून ते थोडेसेच वापरा.

नंतर श्वास. जी चाल वाजवणार ती आधी तोंडाने गा किंवा शिट्टीवर वाजवा. जिथे तुम्हाला श्वास घ्यावा लागला तिथे कीबोर्डवरून बोट उचलायचे, पुढचा स्वर उशिरा येऊ नये म्हणून आधीचा जरासा आखूड करून. सा रे ग प, ग रे सा अशी साधी ओळ घ्या आणि ती एका श्वासात, मग दोन श्वासांत वाजवून पाहा. दोन्ही बरोबर आहेत, पण दोन्हींचा अर्थ वेगळा होतो.

स्वरांची सुरुवात हा तर स्वतंत्र विषय आहे. कान वाद्य ओळखतो ते बऱ्याच अंशी स्वराच्या पहिल्या क्षणावरून. ध्वनिमुद्रणातून हा पहिला क्षण कापून टाकला तर सरावलेल्या माणसालाही वाद्य ओळखणे जड जाते. बासरीत फुंकीने नवा सुरू केलेला स्वर आणि चालू फुंकीत नुसती बोटे बदलून आलेला स्वर यांची सुरुवात वेगळी असते. कीबोर्डवर हा फरक असा आणायचा: फुंक नवी असेल तर आधीची पट्टी सोडून पुढची दाबा, फुंक तीच असेल तर आधीची पट्टी सोडण्यापूर्वी पुढची दाबा. मोनो मोडमध्ये लेगाटोची सोय असेल तर दुसऱ्या प्रकारात नवा आघात होत नाही, स्वर वाहत पुढे जातो. मुरकी आणि ट्रिलसाठी खालचा स्वर धरून ठेवा आणि वरच्या पट्टीवर नुसते टिचके मारा. बहुतेक कीबोर्डांत मोनो मोड असताना बोट उचलताच खालचा स्वर आपोआप परत येतो.

मग मींड. रेवरून गवर जायचे आहे असे समजा. बेंड रेंज दोन सेमीटोन असताना पिच बेंड पूर्ण खाली ओढून शुद्ध गंधाराची पट्टी दाबा. ऐकू येईल रे. आता व्हील हाताने मध्यापर्यंत आणा, गंधार लागेल. व्हील सोडून दिले तर स्प्रिंग ते झटक्यात मध्यावर नेते आणि मींड न होता उचकी लागते, म्हणून शेवटपर्यंत हात ठेवायचा. गंधारावरून शुद्ध मध्यमावर जायचे तर अंतर एकच सेमीटोन, तेव्हा व्हील निम्मेच ओढा. हे निम्मे कानानेच सापडते. मिडीत पिच बेंडला १६,३८४ पायऱ्या दिलेल्या आहेत, इतर बहुतेक नियंत्रणांना १२८ च. सुराच्या बाबतीत कान किती चिकित्सक असतो ते यावरून कळावे.

बासरीवर सगळ्या मींडी सारख्या सोप्या नसतात हेही लक्षात घ्या. बोटे छिद्रांवरून हळूहळू सरकवून मींड येते. सहा छिद्रांच्या बासरीवर मध्यमाला छिद्रे उघडी असतात आणि पंचमाला सगळी बंद, त्यामुळे मध्यमावरून पंचमावर सलग घसरणे अवघड. तुमच्या पिच बेंडला ही अडचण नाही, म्हणून तर तुम्ही ती मींड सहज घ्याल आणि बासरीवाल्याच्या भुवया उंचावतील. जिथे त्याचे बोट अडते तिथे तुम्हीही स्वर तोडून घ्या.

गजाची वाद्ये

बासरीत शिकलेला पाय इथे तसाच कामाला येतो, फक्त श्वासाच्या जागी गज आला. गज लांबीने मर्यादित असतो, तो दिशा बदलतो, आणि बदलताना स्वर किंचित मोडतो. लांब स्वर अनंतकाळ एकाच पातळीवर धरून ठेवणे हा कीबोर्डवाल्याचा मोह. दोन-तीन सेकंदांनी पेडल थोडे खाली आणून परत वर न्या, गज फिरल्यासारखे वाटेल.

पाश्चात्त्य पद्धतीत व्हायोलिनचा व्हायब्रेटो सेकंदाला साधारण पाच ते सात वेळा होतो आणि स्वर स्थिरावल्यावर सुरू होतो. मोकळ्या तारेवर तो करता येत नाही, कारण तिथे बोटच नसते. व्हायोलिनच्या सर्वांत खालच्या जीला तो लावलात तर खोटे उघडे पडेल, त्याखाली दुसरी तारच नाही. हिंदुस्तानी किंवा कर्नाटक पद्धतीने वाजवायचे असेल तर मॉड्युलेशन व्हील जवळजवळ विसरून जा. तिथे मींड, गमक आणि कण हेच सगळे काम करतात. पोर्टामेंटो (एका स्वरावरून दुसऱ्यावर आपोआप घसरत नेणारी सोय) कमी वेळावर ठेवून आणि पट्ट्या एकमेकींवर चढवून ते बऱ्यापैकी येते, पण पिच बेंडवर हात बसला की त्याची सर नाही.

व्हायोलिनवर दोन तारा एकत्र वाजतात. तीन किंवा चार स्वरांचा कॉर्ड असेल तर गज खालच्या तारांवरून वरच्या तारांवर फिरतो, म्हणून तो एकदम दाबू नका.

स्ट्रिंग्ज या समूहाच्या टोनचे गणित निराळे. त्याचा आवाज हळू उठतो, त्यामुळे तालात ऐकू यावा म्हणून किंचित आधी दाबावा लागतो. डाव्या हाताने खाली गच्च तीन स्वरांचा कॉर्ड धरला की नुसता चिखल होतो. खालचे स्वर दूर दूर ठेवा, एक सप्तक किंवा पंचमाइतके, वरचे जवळ आले तर चालते. आणि कॉर्ड बदलताना सगळा पंजा उचलून दुसरीकडे टाकू नका. प्रत्येक स्वर म्हणजे वादकांचा एक गट आहे, तो शक्य तितक्या जवळच्या पुढच्या स्वरावर जातो, आणि सामाईक स्वर धरूनच ठेवतो.

सॅक्सोफोन, ट्रम्पेट

थोडक्यात सांगतो, कारण श्वासाचे सगळे वर आले आहे. ट्रम्पेट हळू वाजला की नुसता लहान होत नाही, मऊ आणि अंधूकही होतो. जोरात वाजला की झळाळतो. एक्स्प्रेशन पेडल अनेक कीबोर्डांवर फक्त पातळी कमी करते, म्हणजे जोरात वाजणारा ट्रम्पेट दूर गेल्यासारखा वाटतो. तेव्हा हळुवार ओळीत बोटही हलके ठेवा म्हणजे मऊ नमुना वाजेल. टोन संपादित करता येत असेल तर पेडलला फिल्टरही (आवाजाची झळाळी कमी-जास्त करणारा) जोडा. सॅक्सोफोनला स्वराच्या थोड्या खालून चढत येण्याची लकब शोभते, पण ती एका ओळीत एखाद्या ठिकाणीच. प्रत्येक स्वराला केली की सगळी ओळ बेसूर वाटू लागते.

सतार आणि गिटार

इथे पाय मोकळा आणि बोटांचा जोर महत्त्वाचा. सतारीवर 'दा' आणि 'रा' हे दोन बोल सारख्या वजनाचे नसतात, दा जास्त भरीव. सलग स्वर वाजवताना एक जड, एक हलका असे बोट टाकले तरी निम्मा फरक पडतो.

सतारीवर मींड पडद्यावर तार बाजूला ओढून घेतात. ओढल्याने तार ताणते आणि सूर चढतो, उतरत नाही. म्हणून पिच बेंड मध्याच्या खाली न्यायचेच नाही. चढती मींड सोपी: रेची पट्टी दाबा, व्हील वर नेऊन गंधार गाठा. उतरती मींड घ्यायची तर व्हील आधीच वर नेऊन ठेवा, मग रेची पट्टी दाबा, ऐकू येईल ग, आणि व्हील मध्यावर आणत रेवर उतरा. खरा सतारिया अगदी हेच करतो, तार आधी ओढून मग छेडतो. लांब मींडीसाठी बेंड रेंज पाच सेमीटोनपर्यंत वाढवा. मात्र रेंज वाढली की व्हीलची बारीकशी चूकही मोठी बेसूर होते, म्हणून दोनवर हात पक्का झाल्यावरच. फार ताणले तर नमुन्याचा पोतही बिघडतो. शिवाय स्वर विझायच्या आत मींड पुरी झाली पाहिजे; मध्ये पट्टी पुन्हा दाबणे म्हणजे तार पुन्हा छेडणे.

चिकारी, म्हणजे मधूनमधून छेडायची वरच्या साची तार, घालायची असेल तर एक अडचण येते. पिच बेंड त्या भागातल्या सगळ्या स्वरांना एकदम वाकवतो. मींड चालू असताना डाव्या हाताने वरचा सा छेडलात तर तोही वाकेल, आणि चिकारीची तार कधी वाकत नाही. यावर दोन उपाय: व्हील मध्यावर असतानाच चिकारी मारा, किंवा कीबोर्ड स्प्लिट करून (दोन भागांत दोन टोन लावून) चिकारीच्या भागाचा पिच बेंड बंद ठेवा. हीच अडचण गिटारच्या कॉर्डमधला एक स्वर ओढताना येते. प्रत्येक स्वराला वेगळा बेंड देणारी एमपीई ही मिडीची पद्धत २०१८ मध्ये मान्य झाली, पण तिला वेगळ्या प्रकारचा कीबोर्ड लागतो.

गिटारमध्ये खोटेपणा सर्वांत जास्त दिसतो तो कॉर्डच्या मांडणीत. कीबोर्डवाला सी मेजर म्हणून सी-इ-जी असा चिकटून धरतो. गिटारवर हा कॉर्ड खालून वर सी-इ-जी-सी-इ असा पाच तारांवर पसरतो. इ मेजर सहा तारांवर इ-बी-इ-जी शार्प-बी-इ असा येतो. जी मेजर जी-बी-डी-जी-बी-जी. हे तीन दोन्ही हातांत वाटून बसवा. गिटारची सर्वांत जाड तार ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर अगदी डावीकडचा पहिला इ आहे, तेव्हा कॉर्ड वाटतात त्यापेक्षा खाली वाजवावे लागतात. खाली जाणाऱ्या स्ट्रोकमध्ये स्वर जाड तारेकडून बारीक तारेकडे ओळीने, अगदी किंचित मागे-पुढे उमटतात. वर येणाऱ्या स्ट्रोकमध्ये उलट, हलके, आणि सहसा वरच्या तीन-चार ताराच वाजतात. सहा तारा म्हणजे जास्तीत जास्त सहा स्वर. सस्टेन पेडल दाबून एका कॉर्डवर दुसरा कॉर्ड साचू देऊ नका, कॉर्ड बदलला की आधीच्या तारांचा आवाज संपलाच पाहिजे.

हार्मोनियम आणि पियानो

हार्मोनियमची नक्कल अनेकजण उगाच बिघडवतात. हार्मोनियमवर पट्टी जोरात दाबली म्हणून आवाज वाढत नाही, तो भात्यावर अवलंबून असतो, आणि भाता सगळ्या चालू स्वरांना एकदमच वाढवतो. म्हणून टच बंद करा आणि एक्स्प्रेशन पेडलला भाता समजा. पिच बेंडला हात लावायचा नाही, मॉड्युलेशनला नाही, सस्टेन पेडल तर काढूनच ठेवा. हार्मोनियमवर बोट उचलले की स्वर थांबतो. मींड नाही म्हणून वादक ती जागा कण आणि मुरकीने भरून काढतो, आणि स्वर एकमेकांना जोडून वाजवतो. पाइप ऑर्गनलाही टच बंदच हवा.

पियानोबद्दल एकच: बोट आधी, पाय नंतर. नवा कॉर्ड दाबला की त्याच क्षणी पेडल उचलून लगेच परत दाबायचे, म्हणजे जुने स्वर पुसले जातात आणि नवे धरले जातात. बाकी तुमचा कीबोर्ड मुळात पियानोसाठीच घडलेला आहे.

रेकॉर्ड करताना

क्वांटाइझ (स्वर आपोआप तालाच्या रेषेवर आणणारी सोय) पूर्ण लावलेत तर वर केलेली सगळी मेहनत पुसली जाते. गिटारच्या स्ट्रोकमधले मागे-पुढे उमटलेले स्वर एका रेषेत येतात आणि पुन्हा कीबोर्ड ऐकू येतो. लय ढळलेलीच असेल तर तेवढे स्वर हाताने सरकवा. एक्स्प्रेशनची रेषा नंतर दुरुस्त करता येते, म्हणून पहिल्या फेरीत सूर आणि श्वास नीट घ्या, पेडल दुसऱ्या फेरीत वेगळे रेकॉर्ड केले तरी चालेल. नवशिक्याला हा मार्ग खूप सोपा जातो.

शिकण्यासाठी एखाद्या खऱ्या वादकाच्या ध्वनिमुद्रणातली फक्त एक ओळ निवडा. ती ऐकत कागदावर श्वास, मींड, व्हायब्रेटो कुठे सुरू होतो आणि कुठे नाही एवढ्याच खुणा करा. मग तीच ओळ वाजवून रेकॉर्ड करा आणि दोन्ही लागोपाठ ऐका. वाजवत असताना आपण कानाला फार सवलत देतो, नुसते ऐकताना देत नाही.

रिव्हर्ब आता चालू करा, पण लहान खोलीचा, आणि एकत्र वाजणाऱ्या सगळ्या टोनना तोच. एकाला दिवाणखाना आणि दुसऱ्याला मोठा हॉल दिला की वादक एकत्र बसलेले वाटत नाहीत. पियानोचा टोन डावीकडून उजवीकडे पसरलेला असतो, तो बासरीमागे साथीला असेल तर थोडा अरुंद करा. एखादे वाद्य खरे वाजवणारा कुणी मिळाला, अगदी साधी खुळखुळ्याची साथ करणारासुद्धा, तर ते मायक्रोफोनने रेकॉर्ड करून यात मिसळा. एका खऱ्या वाद्याच्या शेजारी बाकीचे टोन जास्त पटतात. आणि ज्या टोनवर तुमचा भरवसा कमी आहे त्याला एकट्याला पुढे न आणता साथीतच ठेवा.